कचऱ्याची वीट आणि गरिबाचे घर

दिवाळीची झाडलोट आटोपली, की केर दाराबाहेर जातो आणि आपण सुटलो असे आपल्याला वाटते. पूर्वीच्या केरात राख, चिंध्या, नारळाच्या शेंड्या असत. त्यांची कालांतराने माती होई. आताच्या केरात फराळाच्या पाकिटांची चकचकीत वेष्टने असतात, आणि ती आपल्या नातवंडांनाही पुरून उरतील.

ह्या केरावर हल्ली एक रामबाण उपाय सांगितला जातो. प्लॅस्टिक वितळवा, त्यात वाळू मिसळा, विटा पाडा आणि त्या विटांची स्वस्त घरे गरिबांना बांधून द्या! शहर स्वच्छ, गरीब सुखी आणि प्लॅस्टिक वापरणारा निर्धास्त. आंधळ्याने एक डोळा मागावा आणि देवाने तीन द्यावेत, असा हा प्रकार! माझे भांडण आहे ते ह्या तिसऱ्या डोळ्याशी. आणि दुसऱ्याविषयी मला भय वाटते.

गैरसमज नको. टाकाऊ प्लॅस्टिक बांधकामात वापरू नये, असे मी म्हणत नाही. मदुराईच्या त्यागराजर अभियांत्रिकी महाविद्यालयातील प्राध्यापक राजगोपालन वासुदेवन यांनी तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा लेप चढवून मग तीत डांबर मिसळण्याची रीत सिद्ध केली. खडीत पाणी मुरत नाही, डांबर घट्ट धरते, थोडे वाचतेही. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, ती योग्यच झाली. त्याआधी, नोव्हेंबर २०१५ मध्ये, पाच लाखांहून अधिक वस्तीच्या शहरांभोवती पन्नास किलोमीटरांच्या आत रस्ते बांधताना टाकाऊ प्लॅस्टिक वापरावे, असा आदेश केंद्र सरकारने काढला होता. २०११ च्या जनगणनेत सोलापूरची वस्ती ९,५१,५५८ भरली. मग आपल्या रस्त्यांत किती प्लॅस्टिक गेले, हे आम्हां सोलापूरकरांपैकी कितीजणांनी विचारले? रस्ते आहेत, पदपथ आहेत, बागांतली बाके आहेत. तिथे हा माल खुशाल जिरवा.

पण रस्त्यावरून माणूस चालत जातो. भिंतीआड तो मुलाबाळांना घेऊन झोपतो. हा फरक लहान नव्हे.

सोलापूरच्या वैशाखात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो. तेवढ्या उन्हाने वीट वितळणार नाही, हे मलाही कळते. परंतु पिशव्यांचे प्लॅस्टिक शंभर अंशांच्या थोडे पुढे गेले की मऊ पडते, आणि पेटले की काळा धूर ओकते. त्यात पीव्हीसीचा तुकडा मिसळला असेल, तर धुरात आम्लाची वाफही येते. आगीत ज्वाळेआधी धूर माणसाला गाठतो. १८ मे २०२५ रोजी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसे गेली. त्यांत एक तान्हे मूल होते. ज्या गावाने हे पाहिले, त्याने तरी भिंतीची निवड स्वस्ताईवर करू नये.

जाणकार म्हणतील, वाळू वाढवा, आग रोखणारी द्रव्ये घाला. जरूर घाला. कसोट्या लावा. आणि वीट कसोटीला उतरली, की ती आधी बंगल्यांना लावा, कचेऱ्यांना लावा, मंत्र्यांच्या निवासाला लावा! तिथे ती चालली, तर गरीब तिला नाही म्हणणार नाही. प्रत्येक नवा प्रयोग पहिल्यांदा गरिबाच्याच घरावर का?

सोलापूरच्या कष्टकऱ्यांनी ह्याचे उत्तर केव्हाच देऊन ठेवले आहे. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या पुढाकाराने कुंभारीजवळ तीस हजार घरांची रे नगर वसाहत आकाराला आली. १९ जानेवारी २०२४ रोजी त्यांतल्या पंधरा हजार घरांचे लोकार्पण पंतप्रधानांच्या हस्ते झाले. विडी कामगार, यंत्रमागावरचे कामगार, फेरीवाले, आणि त्यांच्याबरोबर कचरा वेचणारेही त्या घरांचे धनी झाले. जन्मभर आपला कचरा उचलणाऱ्या बाईला घर मिळाले. तिच्या भिंतीत पुन्हा आपलाच कचरा भरायचा काय?

आणि रस्ता असो वा वीट, तिची प्रत ठरते निवडीवर. पीव्हीसी वेगळे काढले नाही, तर सारा घाणा विषारी होतो. ही निवड करणारी बाई किलोच्या भावाने पैसे मिळवते. बाटलीला गिऱ्हाईक आहे. वेफरच्या वेष्टनाला नाही, म्हणून ते ती सोडून देते. त्यात तिचा दोष नाही. २०१६ च्या नियमांनी वेष्टनांतून माल विकणाऱ्या कंपन्यांवर ती परत गोळा करण्याची जबाबदारी टाकली आहे. त्या जबाबदारीचा पैसा ह्या बाईच्या हातात रोजच्या मजुरीने पडला पाहिजे. तो पडेपर्यंत विटांची प्रदर्शने आणि त्यांपुढची भाषणे म्हणजे नुसता देखावा.

लक्ष्मीपूजनाला आपण नव्या केरसुणीला हळदकुंकू वाहतो. फार सुंदर रीत आहे ती. यंदा तिच्याजोडीला एवढे करा: फराळाची कोरडी वेष्टने ओल्या केरात कालवू नका, निराळ्या पिशवीत ठेवा, आणि जी बाई ती न्यायला येईल तिला महिन्याचे काय मिळते ते विचारा. उत्तर ऐकून लाज वाटली, तर ती लाज घेऊन महापालिकेच्या दारात जा. मीही तिथेच भेटेन.