बंदरातील मिरासदारी

सार्वजनिक हिताच्या धंद्यावर शासनाचे नियंत्रण असावे, हा आपला आग्रह रास्तच आहे. परंतु नियंत्रण आले म्हणजे न्याय आला, अशी समजूत करून घेणे घातक ठरते. अमेरिकेतील बंदरी पायलटांचे दोन खटले या दृष्टीने विचार करण्याजोगे आहेत.

गाळ, प्रवाह आणि उथळ जागा चुकवून परक्या जहाजाला बंदरात आणणारा जाणता माणूस म्हणजे पायलट. १७८९ साली अमेरिकेच्या संसदेने पायलटांचे नियमन राज्यांच्या कायद्यांवर सोपविले. पेनसिल्व्हेनियाच्या १८०३ च्या कायद्यानुसार, फिलाडेल्फिया बंदरात पायलट न घेणाऱ्या जहाजाला निम्मे शुल्क भरावे लागे. ते विपन्न पायलट व त्यांच्या विधवा-मुलांच्या निधीत जमा होई. कूली यांनी या वसुलीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयाने १८५२ साली फेटाळले. व्यापाराच्या ज्या अंगाला देशभर एकच नियम हवा ते केंद्राचे; जेथे स्थानिक गरजेनुसार विविधता हवी तेथे राज्यांना वाव, हे न्या. कर्टिस यांचे सूत्र अमेरिकन संघराज्याचा एक आधारस्तंभ बनले.

याच अधिकाराचे दुसरे रूप १९४७ साली कोच खटल्यात दिसले. लुइझियानात पायलट होण्यासाठी विद्यमान पायलटाच्या हाताखाली सहा महिने उमेदवारी करणे आवश्यक होते. शिफारस करणारे मंडळही पायलटांचेच! परिणामी, थोडे अपवाद वगळता, आप्तेष्टांनाच प्रवेश मिळे. पंधरा किंवा अधिक वर्षांच्या अनुभवाची माणसे दाराबाहेर राहिली. समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती १८६८ पासून अस्तित्वात असूनही न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही पद्धत वैध ठरविली. कौटुंबिक परंपरेने कौशल्य आणि एकोपा टिकतो, असे समर्थन न्या. ब्लॅक यांनी केले. न्या. रटलेज यांनी मात्र रक्ताच्या नात्यावर आधारलेला हा भेद अमान्य केला.

हे समर्थन आपल्याला अपरिचित नाही. बापाचा धंदा मुलालाच साधतो, हे सांगतच येथे जातिव्यवस्था उभी राहिली. म्हणूनच आपल्या संविधानाच्या सोळाव्या अनुच्छेदाने शासकीय नोकरीत जातीबरोबरच कुळावरून होणारा भेदही निषिद्ध केला. त्याच आधारे आंध्रमधील गावकामगारांच्या वंशपरंपरागत नेमणुकीचा कायदा आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६० साली रद्द ठरविला. महाराष्ट्राने १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे पद संपविले.

सत्ता दिल्लीतून राज्याकडे, राज्यातून मंडळाकडे उतरावी, हे आपण मागतोच. परंतु मंडळावर कोण बसतो आणि नव्या माणसाला दार कोण उघडतो, हे विचारले नाही, तर विकेंद्रीकरणातूनही नवे वतनदारच निपजतील. सहकारी संस्था असो वा कामगार संघटना, हा प्रश्न आपण प्रथम आपल्याच घरात विचारला पाहिजे.