तोंडात पोर, पोटात नव्हे

एंजल माशांच्या जोडीने फिल्टरच्या नळीवर दोनेकशे अंडी चिकटवली की घरात दिवाळी. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर नळी स्वच्छ. मासे विकणाऱ्याचा निकाल तयारच असतो : सिक्लिडची जातच तशी, आपलीच अंडी खाणारी. पुढच्या खेपेला अंडी लगेच वेगळ्या भांड्यात काढा, मिथिलीन ब्लूचे थेंब टाका, हवा सोडा आणि आईबापांना जवळ फिरकू देऊ नका.

उपाय खोटा नाही. धंद्यासाठी एंजल वाढवणारे पुष्कळ जण तेच करतात आणि त्यांना पिलंही भरपूर मिळतात. खोटं आहे ते त्यामागचं आरोपपत्र.

नळी रिकामी व्हायला गुन्हा घडावाच लागतो असं नाही. 27-28 अंशांच्या पाण्यात एंजलची अंडी साधारण 60 तासांत फुटतात, म्हणजे तिसऱ्याच दिवशी. मग आईबाप वळवळणारी पिलं तोंडात घेऊन एखाद्या पानावर नेऊन चिकटवतात. एखादं गळून पडलं तर पुन्हा उचलून आणतात. काचेला नाक लावून बसलेल्या माणसाला दिसतं ते एवढंच, की पोर बापाच्या तोंडात गेलं.

या तोंडाबद्दल कोनराड लोरेंझ यांनी ‘किंग सॉलोमन्स रिंग’मध्ये एक प्रसंग सांगितला आहे. त्यांच्या टाकीतला आफ्रिकन ज्युएल सिक्लिडचा नर संध्याकाळी भरकटलेली पिलं गोळा करत होता. मध्येच त्याला गांडुळाचा तुकडा मिळाला. तो चावत असतानाच एक चुकार पिलू दिसलं, आणि त्याने तेही भरल्या तोंडात घेतलं. आता एक घास पोटात जायचा, दुसरा घरट्यात. मासा क्षणभर थबकला. मग त्याने दोन्ही बाहेर टाकली, पिलावर नजर ठेवून गांडूळ सावकाश खाल्लं आणि पिलू उचलून मादीकडे पोचवलं. पाहणाऱ्या विद्यार्थ्यांनी टाळ्या वाजवल्या. वाजवणारच!

अर्थात अंडी खाल्लीही जातात, हे नाकारण्यात हशील नाही. पण कोणती? न फळलेली अंडी पांढरी पडतात, त्यांना बुरशी धरते आणि ती शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते. पालक अशी अंडी वेचून खातात. ही साफसफाई झाली. कधी कधी ‘जोडी’ म्हणून घेतलेले दोन्ही एंजल माद्याच निघतात. त्यांची सगळीच अंडी पांढरी पडतात आणि बदनामी मात्र वात्सल्याची होते. आणखी एक संशयित तर कुणाच्या ध्यानातच येत नाही : रात्री काचा चाटत फिरणारा सकर मासा. पालक डोळ्यांनी पहारा देतात. दिवा मालवला की पहारा संपला. दोन फुटी टाकीत चहूबाजूंनी टेट्रा घोंघावत असतील, वर कुणी काचेवर टकटक करत असेल, तर वाचण्याची आशा नसलेली अंडी खाऊन पुढच्या विणीसाठी ताकद राखणं, हा माशाच्या दृष्टीने सरळ हिशेब आहे.

यावर जाणकारांचा आक्षेप असा, की पिढ्यान्‌पिढ्या बरण्यांत वाढलेल्या एंजलमध्ये पालकत्व उरलेलंच नाही. काही जोड्यांबाबत ते खरं दिसतं. पण पहिल्या दोन-तीन विणी गमावणारी जोडी पुढे पिलांचा थवा सोबत घेऊन हिंडते, हेही हौशी मंडळींनी वारंवार पाहिलं आहे. वृत्तीच मेली असती तर ती चौथ्या खेपेला कुठून उगवली?

शिवाय ‘आईबापांना लांब ठेवा’ हा नियम सरसकट लावला तर डिस्कसची पिलं उपाशी मरायची. पोहू लागल्यावर ती आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव खाऊन वाढतात. काळुंदर माशाचा चुलतभाऊ असलेल्या आपल्याकडच्या ऑरेंज क्रोमाइडची पिलंही पालकांच्या अंगावर असंच चरतात. मलावी सरोवरातली म्बुना मादी तर अंडी-पिलं तोंडात धरून तीनेक आठवडे जवळजवळ उपाशी राहते. फार छळलं तर तीही पिलं गिळते किंवा थुंकते, पण तोवर तिच्यापुढे अन्न टाकून बघावं.

तेव्हा जोडीला निदान तीन-चार संधी द्याव्यात. वेगळी टाकी, अंडी घालायला तिरपी ठेवलेली पाटी, पिलं न ओढणारा स्पंज फिल्टर, समोरच्या काचेवर वर्तमानपत्र आणि रात्री खोलीत एक मंद दिवा. सकर मात्र आधीच दुसरीकडे हलवावा.