औषध शासनाने द्यावे, सोबत आपण

मानसिक आजाराचा प्रश्न निघाला की आपल्या बैठकांतील चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. काहींच्या मते हा डॉक्टरांचा प्रांत. कार्यकर्त्यांनी त्यात पडू नये. इतरांच्या मते विषम समाजव्यवस्था हेच या दुःखाचे मूळ. ती बदलली की माणसे सावरतील. दोन्ही म्हणण्यांत तथ्यांश आहे. पण दोन्हींत आजारी माणूस एकटाच राहतो.

या एकटेपणाची परिसीमा ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दिसली. दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेल्या २८ मनोरुग्णांचा बळी गेला. पुढे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने साखळदंडांवर बंदी घातली, उपचाराचा आणि समाजात राहण्याचा हक्क दिला. हा मोठा विजय खरा. तथापि, समाजात राहायचे म्हणजे कोणाच्या तरी ओळखीत राहायचे, आणि ती ओळख कायद्याने मिळत नाही.

ती निर्माण करता येते, याचा पुरावा आपल्या शेजारीच आहे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक पदवीधर स्त्रियांना सुमारे दोन महिन्यांचे प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवले. डॉक्टर औषध देत, मनोविकारतज्ज्ञ देखरेख करीत आणि या स्त्रिया रुग्णाशी बोलत, त्याचा पाठपुरावा करीत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी आरोग्य केंद्रांत यामुळे बरे होणाऱ्यांचे प्रमाण स्पष्टपणे वाढले. खासगी दवाखान्यांत मात्र तसा फरक आढळला नाही. तेथील डॉक्टर रुग्णाला मुळातच अधिक वेळ देत असावेत, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. म्हणजे गरिबाच्या वाट्याला न येणारी गोष्ट केवळ गोळी नव्हे. आपुलकीने दिलेला वेळही आहे.

नाशिक जिल्ह्यातील ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात राबवलेल्या 'आत्मीयता' उपक्रमाने आणखी एक पाऊल टाकले. गावातल्याच माणसांनी शेजाऱ्याचे दुःख ऐकून घेतले, गरज पडली तर त्याला दवाखान्याची वाट दाखवली आणि शासकीय योजनांचे लाभ मिळवण्यास साहाय्य केले. हे काम आपल्या कार्यकर्त्याला अपरिचित आहे काय?

वसईचे उदाहरण घ्या. जवळचे मोठे सरकारी मनोरुग्णालय ठाण्याला. होळीतून तेथे जाऊन परतायचे म्हणजे रोजंदारीवरच्या कुटुंबाचा एक दिवस बुडतो. दोन-तीन खेपांनंतर औषध सुटते आणि आजार उलटतो. अशा घराला तारखेला सोबत जाणारा माणूस हवा. रांगेत शेजारी बसणारा, अपंगत्वाच्या दाखल्यासाठी खेटे घालणारा, ओळखीच्या दुकानदाराकडे हलके काम मिळवून देणारा. आणि एरवी आजाराचा विषयही न काढता चहा पिता पिता गप्पा मारणारा. या मैत्रीलाही शिस्त हवी. औषध बंद करण्याचा सल्ला मित्राने देऊ नये. जीव देण्याची भाषा ऐकली तर त्या माणसाला एकटे सोडू नये, तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे.

यावर एक आक्षेप येईल: शासनाची जबाबदारी आपण आपल्या खांद्यावर का घ्यावी? आक्षेप रास्त आहे. स्वयंसेवकांच्या भरवशावर आरोग्यखर्चाला कात्री लावू पाहणाऱ्यांना आपण ठाम विरोधच केला पाहिजे. तालुक्याच्या ठिकाणी मनोविकारतज्ज्ञ आणि अखंड औषधपुरवठा ही मागणी सोडता कामा नये. परंतु ही मागणी लावून धरणार कोण? ज्या घरांची ती गरज आहे, ती घरे लाजेने दार लावून बसलेली आहेत. त्यांच्याशी मैत्री झाल्याखेरीज मोर्चात त्यांचे पाऊल पडणार नाही.

म्हणून प्रत्येक शाखेने आपल्या वस्तीतील अशा एका घराशी नाते जोडावे. उपकारकर्ता म्हणून नव्हे, बरोबरीचा सोबती म्हणून. समतेची आपली भाषा खरी की पोकळ, याची कसोटी ज्याला लोक वेडा म्हणून टाळतात त्याच्या शेजारी आपण बसतो की नाही, येथेच लागणार आहे.