जुन्या कॅमेऱ्याचं कार्ड: स्वस्त म्हणजे नेमकं काय?



धंद्यासाठी वस्तू जुनी घ्यावी की नवी, यावर आपण बोललो, तेव्हा सगळ्यात जास्त विचारणा जुन्या कॅमेऱ्याची झाली. आणि त्यातही एकच प्रश्न पुन्हा पुन्हा: "सर, मेमरी कार्ड कुठलं घेऊ? स्वस्तातलं सांगा." आज त्यावर माझं मत लिहितो. पटलं नाही तर भांडा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात एका नुकसानीपासून करू. आपल्या बॅचमधला चिंचपोकळीचा एक मुलगा. काकांकडून आलेला निकॉन डी 90, म्हणजे 2008 सालचं मॉडेल. त्या कॅमेऱ्यावर त्याला पहिली ऑर्डर मिळाली, एका छोट्या मंडळाची. कारखान्यातून मूर्ती निघाल्यापासून मंडपात बसेपर्यंतचे फोटो. तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडे चिंतामणीच्या आगमनाला काय गर्दी लोटते आणि त्या दिवसांत लालबाग-परळचे रस्ते कसे असतात. पोरगा रात्रभर पळाला. हजारावर फोटो काढले. सकाळी कार्ड संगणकाला लावलं, तर पहिले साधारण सहाशे फोटो व्यवस्थित, पुढचे सगळे अर्धे करडे नाहीतर उघडेचनात.

कार्डावर छापलं होतं 32 जीबी. आत जागा होती जेमतेम 4 जीबी. फुटपाथवरून घेतलेलं, बिल नाही. वाचवले दोन-अडीचशे रुपये. गेलं काय? मंडळाचा ॲडव्हान्स परत करावा लागला आणि पुढच्या वर्षीचं काम दुसऱ्याला गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे ते फोटो पुन्हा काढता येत नाहीत. मूर्ती विसर्जित होते, मागे फोटोच उरतो. तोही गेला.

आता तुम्ही म्हणाल, कॅमेऱ्याने सांगितलं कसं नाही? बघा, नकली कार्डात आतली चिप कॅमेऱ्याला खोटा आकडा सांगते. कॅमेरा बिचारा विश्वास ठेवतो. खरी जागा संपली की पुढचे फोटो हवेत जातात किंवा आधीच्या फोटोंवर लिहिले जातात. फोटो काढल्या काढल्या स्क्रीनवर जे दिसतं, ते अजून कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतलं असतं. म्हणून त्या रात्री सगळं छान दिसत होतं.

तर माझं मत एका वाक्यात: जुन्या कॅमेऱ्याला मोठं आणि वेगवान कार्ड नको, छोटी, अस्सल आणि बिलासकट घेतलेली दोन कार्डं हवीत.

का ते सांगतो.

पहिली गोष्ट, आकार. एसडी कार्डाच्या या तीन पिढ्या लक्षात ठेवा. साधं एसडी 2 जीबीपर्यंत. एसडीएचसी 4 ते 32 जीबी, हे 2006 मध्ये आलं. एसडीएक्ससी 64 जीबी आणि त्यापुढे, हे 2009 मध्ये. तिन्ही दिसायला सारखीच आणि खाचेत बसतातही. पण कॅमेऱ्याला आपल्या नंतरच्या पिढीचं कार्ड कळेलच असं नाही. डी 90 ला एसडीएचसी चालतं, म्हणजे 32 जीबीपर्यंत निर्धास्त. त्याहून जुन्या काही कॅमेऱ्यांना 2 जीबीच्या वर काहीच वाचता येत नाही. निकॉन डी 70 किंवा कॅननचा 350 डी असेल तर एसडी मुळात बसतच नाही, त्यांना कॉम्पॅक्टफ्लॅश लागतं. म्हणून दुकानात जाण्याआधी कॅमेऱ्याचं दार उघडा, जुनं कार्ड बघा, मॅन्युअल बघा. दुकानदाराला "चांगलं कार्ड द्या" म्हणू नका, मॉडेल सांगा.

दुसरी गोष्ट, वेग. पाकिटावर मोठ्या अक्षरांत 100, 150, 170 एमबी लिहिलेलं असतं. तो बहुतेक वेळा वाचायचा वेग असतो, लिहायचा नाही. आणि 2008 चा कॅमेरा त्या वेगाने लिहूच शकत नाही. महागडं कार्ड त्यात चालेल, पण कॅमेऱ्याच्याच गतीने. क्लास 10, म्हणजे सेकंदाला किमान 10 एमबी लिहिणारं कार्ड, आपल्या कामाला पुरतं. वरचे पैसे तुम्ही अशा वेगासाठी मोजताय जो वापरणारच नाही. याला बचत नाही, हौस म्हणतात.

तिसरी गोष्ट, हिशोब. 12 मेगापिक्सेलचा चांगल्या दर्जाचा जेपेग फोटो ढोबळमानाने 6 एमबी धरा. 16 जीबीत अडीच हजारांच्या आसपास फोटो बसतात. एका कार्यक्रमाला एवढे कोण काढतं?

काहीजण म्हणतात, "सर, एकच मोठं कार्ड बरं, बदलायची कटकट नाही." मान्य, कटकट नाही. पण सगळी अंडी एका टोपलीत. दोन कार्डं असतील तर पाद्यपूजन एकावर, मिरवणूक दुसऱ्यावर. एक गेलं तरी अर्धं काम हातात. धंद्यात सोय दुसरी, जोखीम पहिली.

मायक्रो एसडी अडॅप्टरमध्ये घालून चालेल का? चालतं. पण जोडणीची एक जागा वाढते, म्हणजे बिघडायचीही एक जागा वाढते. घरच्या फोटोंना ठीक, पैसे घेतलेल्या कामाला पूर्ण आकाराचंच कार्ड घ्या.

घ्यायचं कुठे? चिंचपोकळीहून स्लो लोकल पकडा, सीएसएमटीला उतरा आणि बोरा बझारला चालत जा. कॅमेऱ्याचं सामान विकणारी दुकानं तिथे आहेत. कॅमेरा सोबत न्या, कार्ड तिथेच घालून बघा, पक्कं बिल मागा. 2 जीबीसारखं जुनं कार्ड हवं असेल तर जुन्या कॅमेऱ्यांचं काम करणाऱ्यांकडे चौकशी करा.

आता आजचा गृहपाठ:

1. नवं कार्ड आणल्यावर पहिल्याच दिवशी तपासा. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, मॅकवर एफ3. दोन्ही फुकट. कार्ड पूर्ण भरून परत वाचून बघतात. वेळ लागतो, रात्री लावून झोपा.
2. फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा, तेही फोटो दोन ठिकाणी उतरवल्यानंतरच.
3. कार्डावर 1 आणि 2 असे आकडे लिहा आणि कुठल्या कामाला कुठलं वापरलं ते वहीत नोंदवा.
4. चुकून फोटो उडाले तर त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. कार्ड बाहेर काढा. फोटोरेक हा फुकट प्रोग्राम वापरून फोटो बऱ्याचदा परत मिळतात. नकली कार्डात मात्र नाही, कारण तिथे ते लिहिलेच गेलेले नसतात.

आणि हो, तो मुलगा अजून त्याच डी 90 वर काम करतो. कॅमेरा बदलला नाही, कार्डं बदलली. दोन अस्सल, 16-16 जीबीची. दोन्हींची बिलं त्याने वहीच्या पहिल्या पानाला स्टेपल केली आहेत. नवीन मुलं भेटली की तो आधी ते पान दाखवतो, फोटो नंतर.