घराबाहेरचा अर्धा तास

सायंकाळी पाचच्या सुमारास लासूर स्टेशनच्या रस्त्यावर कांद्याचे ट्रॅक्टर आणि शिकवणीला निघालेली मुले यांचीच गर्दी असते. शाळेतून आलेले मूल दप्तर टाकते, चार घास खाते आणि पुन्हा एका खोलीत जाऊन बसते. रात्रीचा उरलेला वेळ मोबाइलचा. दिवसभरात त्याच्या डोळ्यांना बाहेरचा उजेड किती मिळाला, याचा हिशेब कुणी करत नाही.

हा हिशेब महत्त्वाचा आहे. मुलांना फळ्यावरचे दिसेनासे होते, मायनस नंबरचा चष्मा लागतो, त्याला ऱ्हस्वदृष्टी म्हणतात. यात डोळ्याचा गोळा गरजेपेक्षा लांबट वाढतो. चीनमधील ग्वांगझू शहरातल्या 12 प्राथमिक शाळांत यावर एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जास्तीची मैदानात काढायला लावली.  तीन वर्षांनी या शाळांत 30.4 टक्के मुलांना ऱ्हस्वदृष्टी आली होती, इतर शाळांत 39.5 टक्के. 2015 साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ट्यूबलाइटच्या खोलीत उजेड तीन-चारशे लक्स असतो. उघड्यावर तो दहा हजारांच्या पुढे जातो, झाडाच्या सावलीतही कित्येक हजार. या उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवते आणि गोळ्याच्या लांबट वाढीला आळा बसतो, असे मानले जाते. मात्र लागलेला नंबर फिरण्याने उतरत नाही. तसे सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये.

मग मुलाला न्यायचे कुठे? बागेची वाट पाहण्यात अर्थ नाही. शिवना नदीच्या काठाने, नाही तर शेताच्या बांधाने अर्धा तास पुरतो. तारेवर बसलेला वेडा राघू उडत्या माशीवर झेप घेतो आणि पुन्हा त्याच जागी येऊन बसतो, हे पाहायला तिकीट लागत नाही. बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबतात. मृगाच्या पहिल्या सरीनंतर मखमली लाल किडे मातीवर निघतात आणि थोड्याच दिवसांत दिसेनासे होतात. आजीला त्यांचे नाव ठाऊक असते, नातवाला बहुधा नसते. खरे तर या फेरीला आजी-आजोबांनीच न्यावे. आई-बाबा प्रत्येक झाडापाशी प्रश्न विचारून तिची शिकवणी करून टाकतात. मुलाला मुंगीच्या रांगेपाशी दहा मिनिटे बसायचे असेल, तर बसू द्यावे.

धोके आहेत, ते लपवू नयेत. रुईच्या पानांवर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी सापडते, मुले ती पाहायला पान तोडतात. रुईचा चीक डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि दवाखाना गाठावा. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, त्या खाऊन मुलांना उलट्या-जुलाब सुरू होतात. घरी मीठ-पाणी पाजून ओकारी काढू नये, उरलेल्या बिया सोबत घेऊन रुग्णालयात यावे. पायात बूट हवेत आणि गवतात काठी आधी, पाय नंतर. साप चावल्यास चिरा घेणे, करकचून बांधणे नको. सर्पदंशावरचे औषध रुग्णालयातच मिळते. रेल्वेरुळाच्या कडेने फिरणे तर कटाक्षाने टाळावे. एप्रिल-मे महिन्यांत सकाळची वेळ धरावी, आणि सूर्याकडे थेट बघू नये हे मुलांना आधीच बजावावे.

हे सारे ऐकून काही पालक म्हणतील, त्यापेक्षा मूल घरात बरे. पण घरातल्या मुलालाही धोका आहेच. तो हळू येतो आणि सातवी-आठवीत चष्म्याच्या दुकानात कळतो. दहावीच्या गुणांसाठी शाळाही खेळाचा तास गणिताला देऊन टाकतात. तो तास मुलांना परत मागण्याची वेळ पालकसभेतली आहे, आणि पुढची पालकसभा बहुधा सहामाहीच्या निकालाला असेल.