घरांतील समुद्राची गाळणी

बोईसरच्या एका वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांच्या पुतण्यानें शालान्त परीक्षेंत चांगलें यश मिळविलें व बक्षीस म्हणून खाऱ्या पाण्यांतील माशांची आणि पोवळ्यांची टाकी मागितली. १०० लिटरांची टाकी ठरली. ती बैठकीच्या खोलींत ठेवण्यास वडीलधाऱ्यांची संमतीहि मिळाली. परंतु दुकानदारानें पाणी स्वच्छ राखण्याचे तीन निरनिराळे फिल्टर पुढें मांडले, आणि त्यांवरून घरांत तीन पक्ष पडले आहेत. धाकट्या काकांना टाकीबाहेर बसणारा बंद डब्याचा फिल्टर पसंत आहे, थोरल्यांना टाकीखालीं दुसरी टाकी हवी आहे, व मुलगा स्किमरवर अडून बसला आहे. पाणी मात्र चिंचणीच्या किनाऱ्यावरून भरून आणावयाचें, यावर सर्वांचें एकमत आहे. ज्या घरांत मासा कधीं शिजला नाहीं त्या घरांत त्याच्या सुखासाठीं एवढा खल व्हावा, याचें आम्हांस कौतुक वाटतें. पण ज्या मुद्द्यावर एकमत झालें आहे तोच चुकला आहे, असें नम्रपणें सांगणें भाग आहे.

फिल्टर काय करतो व काय करूं शकत नाहीं, हें आधीं समजून घेतलें पाहिजे. माशाची विष्ठा, उरलेलें खाद्य, मेलेलें शेवाळ हीं कुजलीं म्हणजे अमोनिया निर्माण होतो, आणि तो माशास विषासारखा असतो. कांहीं सूक्ष्म जंतु या अमोनियाचें नायट्राइट करतात, व दुसरे कांहीं त्या नायट्राइटाचें नायट्रेट करतात. नायट्राइटहि घातकच, नायट्रेट त्या मानानें सौम्य, परंतु तें सांचत गेलें तर पोवळीं निस्तेज होतात आणि शेवाळ माजतें. फिल्टर कोणताहि घ्या, टाकींत जी घाण उत्पन्न होते तिचा निकाल लावणें एवढेंच त्याचें काम. पाण्याबरोबर बाहेरून जें विरघळून आलें, तें काढणें बहुधा त्याच्या हातीं नसतें. ताकांत काडी पडली तर गाळून काढतां येते. मीठ अधिक पडलें तर कोणती गाळणी उपयोगी पडणार?

हें ज्ञान आम्हांस फुकट मिळालेलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं आमच्याहि घरीं अशीच एक टाकी होती. सहा महिने सर्व कांहीं उत्तम चाललें. उन्हाळ्यांत पाणी फार आटूं लागलें, तेव्हां तें भरून काढण्याचें काम आमच्या मातोश्रींनीं आपण होऊन पत्करिलें. पाणी शुद्ध असावें म्हणून त्या तें रात्रभर तांब्याच्या घागरींत ठेवीत व सकाळीं देवपूजा आटोपल्यावर टाकींत घालीत. तिसऱ्या आठवड्यांत गोगलगायी उलट्या पडूं लागल्या. मग कोळंबी गेली. एक मऊ पोवळें होतें तें आक्रसलें तें पुन्हां उघडलेंच नाहीं. मासे मात्र ठणठणीत, त्यामुळें पाण्याचा संशय कोणासच आला नाहीं. फिल्टर दोनदां बदलला. शेवटीं नजर घागरीकडे गेली. तांब्याचा जो अंश माणसास बाधत नाहीं व माशासहि सोसतो (माशांच्या कांहीं रोगांवर तांबें औषध म्हणूनच देतात), तोच पाठीचा कणा नसलेल्या जलचरांचा घात करतो. आणि एकदां दगडांत मुरला म्हणजे पुढें पुष्कळ दिवस थोडाथोडा पाझरत राहतो. मातोश्रींस हें सांगावें कीं न सांगावें, हा पेंच आम्हांस आठवडाभर पडला होता. सांगितलें नाहीं. घागर माळ्यावर गेली व प्लॅस्टिकची बादली आली. त्यांना तें उमगलें असावें, कारण त्यानंतर त्यांनीं टाकीस हात लाविला नाहीं.

एका घागरीनें एवढें केलें, तर चिंचणी-तारापूरच्या पाण्याविषयीं विचार करावयास नको काय? तारापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायनें, रंग व औषधी द्रव्यें यांचे कारखाने पुष्कळ आहेत, आणि त्यांचें सांडपाणी प्रक्रियेनंतर नवापूरच्या बाजूस समुद्रांत सोडलें जातें. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानें २०१८ सालीं देशांतील औद्योगिक क्षेत्रांचें जें मूल्यमापन केलें, त्यांत तारापूरचा प्रदूषण निर्देशांक ९३.६९, म्हणजे सर्वांत वरचा, निघाला. किनाऱ्यावरील मच्छीमारांच्या वतीनें अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेनें राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, व लवादानें २०२२ सालीं अनेक कारखान्यांवर भरपाई बसविली. ज्यांची चूल त्या समुद्रावर पेटते त्यांचा प्रश्न आमच्या कांचेच्या टाकीहून फार मोठा आहे. येथें तो ओझरता आला, एवढेंच. कारखाने क्षणभर बाजूस ठेवले तरी हें पाणी सोयीचें नाहीं. खंबायतच्या आखाताकडील भरतीओहोटीचा जोर येथपर्यंत जाणवतो, त्यामुळें पाणी बहुतेक गढूळ. आणि पावसाळ्यांत नद्याखाड्यांचें गोडें पाणी मिसळून त्याचा खारेपणा उतरतो. तारापूरचें अणुवीज केंद्र १९६९ पासून यंत्रें निवविण्यासाठीं याच समुद्राचें पाणी घेत आलें आहे, पण लोखंडी नळ्यांची आणि पोवळ्यांची प्रकृति एक नव्हे. गंमत अशी कीं, १९५१ सालीं मुंबईस उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाच्या नांवांत हेंच तारापूर आहे.

तेव्हां समुद्र घरींच करावा. स्वयंपाकघरांतील आरओ यंत्रांत पाण्याला चव यावी म्हणून बहुधा पुन्हां क्षार मिसळलेले असतात. तसें नसलेलें, ज्याचा टीडीएस शून्याच्या जवळ असेल, असें पाणी घ्यावें. त्यांत मत्स्यालयासाठीं मिळणारें मिश्र मीठ लिटरास सुमारें ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरांस साडेतीन किलो, घालावें. मिठागराचें मीठ चालणार नाहीं. त्यांत मुख्यतः सोडियम क्लोराइड, आणि पोवळ्यांस आपला सांगाडा बांधावयास कॅल्शियम व मॅग्नेशियमहि हवें. आटलेलें पाणी मात्र नेहमीं गोड्या पाण्यानेंच भरून काढावें. आमटी आटली तर तींत आपण आणखी मीठ घालीत नाहीं.

आतां फिल्टरांकडे वळूं. धाकट्या काकांचा डब्याचा फिल्टर गोड्या पाण्यांत उत्तम. पोवळ्यांच्या टाकींत त्यांतील स्पंज घाण धरून बसतो, ती तेथेंच कुजते, आणि दर आठवड्यास न धुतल्यास तो नायट्रेटाचा कारखाना होतो. वीज कांहीं तास गेली कीं त्या बंद डब्यांतील जंतु प्राणवायूअभावीं मरतात व वीज येतांच ती सारी घाण टाकींत परतते. थोरल्या काकांची खालची टाकी, जिला सम्प म्हणतात, ती तत्त्वतः सर्वांत चांगली, कारण एकंदर पाणी वाढतें आणि यंत्रें दृष्टीआड राहतात. परंतु पंप बंद पडतांच वरचें कांहीं पाणी खालीं येतें. त्यास सम्पमध्यें जागा राखली नसेल तर तें जमिनीवर येतें. दोनशे लिटरांच्या आंतील टाकीस एवढी यातायात आम्हांस तरी रास्त वाटत नाहीं.

मुलाचें म्हणणें आम्हांस पटतें. स्किमर म्हणजे एक उभी नळी. तिच्यांतील पाण्यांत हवेचे अतिसूक्ष्म बुडबुडे सोडतात; पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यें त्यांस चिकटून वर चढतात व फेसाच्या रूपानें वरच्या वाटींत सांचतात. गुऱ्हाळांत काहिलीवरील मळी काढतात, तोच हा प्रकार. घाण कुजण्यापूर्वींच ती पाण्याबाहेर निघते, हें मर्म. पण एकटा स्किमर पुरत नाहीं. जंतूंना घर पाहिजे, आणि तें घर म्हणजे सच्छिद्र दगड. या टाकीस आठदहा किलो पुरेत. इंडोनेशियांतील ली चिन एंग यांनीं १९६१ च्या सुमारास जिवंत दगड व हवेचे बुडबुडे एवढ्यावरच पोवळीं जगवून दाखविलीं. पुढें बर्लिनच्या हौशी मंडळींनीं दगडांस स्किमरची जोड दिली. त्याच्याहि पूर्वीं, १८४६ सालीं, ॲना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून लहान पोवळीं लंडनला नेलीं. यंत्र कसलेंच नव्हतें. घरची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीपाशीं तें पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत बसे. त्या बिचारीचें नांव कोणी नोंदविलें नाहीं, पण पोवळीं तिच्या हातांनीं जगलीं. तिचें काम आज प्रवाह देणारा एक लहान पंप करतो. तो अवश्य घ्यावा, आणि दर आठवड्यास दहा लिटर पाणी बदलावें.

दगड कृत्रिम किंवा वाळलेलेच घ्यावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं २००१ पासून सर्व कठीण पोवळ्यांस संरक्षण आहे. मालवणच्या सहलींत एखादें उचलून आणणें हा गुन्हा आहे, मग तें कितीहि लहान असो. पहिलें वर्ष मासे व दगड यांवरच समाधान मानावें. क्लाउनफिशची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनें साधली आहे; तेव्हां समुद्रांतून धरलेला नव्हे, पैदाशीचाच मासा दुकानदाराकडे मागावा.

दगड व पाणी घातल्यावर चार ते सहा आठवडे टाकींत मासा सोडूं नये. चिमूटभर खाद्य टाकीत राहावें, म्हणजे जंतु वाढतात. अमोनिया व नायट्राइट दोन्ही तपासणींत शून्य दिसले म्हणजे दोनच क्लाउनफिश आणावे. बक्षिसासाठीं इतकें थांबणें पुतण्यास जड जाईल, हें आम्ही जाणतों. तोंवर त्यानें रोजची तपासणी वहींत लिहावी आणि बॅटरीवर चालणारा एक हवेचा पंप मिळवून ठेवावा. आषाढांत वीज जाते ती बहुधा रात्रींच.