तुळशीला पळीभर पाणी

पावसाळा लागला की आमच्या तळेगावच्या घरात तीन गोष्टी हमखास येतात. भिंतीला ओल, कपड्यांना कुबट वास आणि चहाच्या कपात चिलट. पहिल्या दोन्हींची आता सवय झालीये. तिसरीची होत नाही. कॉल चालू असताना स्क्रीनवर एक काळा ठिपका दिसतो, आपण तो पुसायला जातो, आणि ठिपका उडून नाकावर बसतो!

आधी अर्थातच केळ्यांवर संशय घेतला. केळी फ्रीजमध्ये गेली, कचऱ्याचा डबा दिवसातून दोनदा धुतला. चिलटं जैसे थे. मग एकदा गॅलरीतली कुंडी सरकवली आणि मातीतून दहा-बारा चिलटं एकदम उठली. फळांवरची चिलटं तपकिरी असतात, त्यांचे डोळे लालसर असतात. ही काळी, बारीक, लांब तंगड्यांची. धड उडताही येत नाही, मातीवर तुरुतुरु पळतात. दोन्ही वेगळी जमात. आपण मात्र दोघांनाही चिलटंच म्हणतो, आणि म्हणून आठवडाभर भलतीकडेच शोधत बसतो.

मग जुन्या हायवेवरच्या एका नर्सरीत गेलो. त्या माणसाने कागदाच्या पुडीत दाणे बांधून दिले. "कुंडीत चमचाभर टाका, आठ दिवसांत साफ." नाव विचारलं तर म्हणाला, "दाणेदार औषध." बस्स, एवढंच. ती पुडी मी उघडलीच नाही. त्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. फोरेट नावाचं असंच एक दाणेदार कीटकनाशक आपल्याकडे वर्षानुवर्षं सर्रास वापरात होतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत ते अत्यंत घातक गटात आहे, आणि भारतात ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी, शेतमजूर गेले. तिथे निदान कापूस वाचवायचा होता. आपण चहात पडणाऱ्या चिलटासाठी, ज्या गॅलरीत पोर रांगतं तिथे बिननावाचं विष टाकणार?

आणि मुळात गरजच नाही हो. या चिलटांचं सगळं गणित ओल्या मातीवर चालतं. मादी ओलसर मातीत शंभर-दोनशे अंडी घालते. चार-सहा दिवसांत अळ्या निघतात, पांढऱ्या, काळ्या डोक्याच्या. त्या मातीच्या वरच्या दोन इंचांत राहून बुरशी, कुजका पालापाचोळा आणि जमलं तर कोवळी मुळं खातात. दोन आठवड्यांनी कोष, मग पुन्हा चिलट. अंड्यापासून चिलटापर्यंत साधारण तीन-चार आठवडे. उडणारं चिलट स्वतः जेमतेम आठवडाभर जगतं. म्हणजे आपण ज्याच्यामागे टाळ्या वाजवत धावतो ते आपोआपच मरणार असतं. खरा कारखाना खाली चालू असतो, आणि त्याला कच्चा माल आपणच पुरवतो: पाणी!

पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. लोणावळ्यात ४००० च्या पुढे. तळेगाव या दोघांच्या मध्ये. जुलैत इथल्या हवेतच इतका दमटपणा असतो की मातीतलं पाणी उडून जातच नाही. त्यात आपली कुंडी म्हणजे कोकोपीट आणि गांडूळखत, दोन्ही पाणी धरून ठेवणारी. तरी आपण मे महिन्याच्या सवयीने रोज सकाळी मग्गाभर ओततो. मुळं गुदमरतात, कुजतात, पानं माना टाकतात. मग आपण म्हणतो, "अरे, सुकलं बिचारं," आणि आणखी पाणी घालतो. मोठं झाड चिलटांनी सहसा मरत नाही, आपल्या मायेने मरतं.

आता खरी अडचण. आई चातुर्मासात आमच्याकडे असते. रोज अंघोळ झाली की तुळशीला तांब्याभर पाणी. चिलटं सगळ्यात जास्त त्याच कुंडीत. तिला सांगायचं कसं? तीन दिवस मनात जुळवाजुळव करून शेवटी बोललो. तिने कुंडीत बोट घातलं, वास घेतला आणि म्हणाली, "आंबलीये रे माती." दुसऱ्या दिवसापासून तांब्याऐवजी पंचपात्रीतली पळी. नेम मोडला नाही आणि माती सुकू लागली. आम्ही इंजिनिअर लोक उगाच समजतो की घरच्यांना कारण सांगितलं तर पटणार नाही.

बाकी उपाय सांगतो, पण हे सगळे पाण्यानंतरचे. बोटाची दोन पेरं कोरडी लागल्याशिवाय पाणी नाही. ताटलीत साचलेलं पाणी लगेच ओतून टाका. पिवळे चिकट सापळे लावा, मावळातल्या गुलाबांच्या पॉलिहाऊसमध्ये लटकलेले दिसतात तेच. पण ते फक्त उडणारी पकडतात, त्यांचा खरा उपयोग मोजणीला. मातीवर बटाट्याची चकती ठेवा, दोन दिवसांनी उलटून बघा, अळ्या आहेत की नाही ते कळेल. फारच झालं तर बीटीआय. इस्रायलच्या नेगेव वाळवंटात १९७६ मध्ये सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांसाठी वापरतात, तो या अळ्यांनाही मारतो आणि माणसाला त्रास देत नाही. पाण्यात मिसळून दर आठवड्याला, किमान महिनाभर. कारण एक पिढी संपायलाच तेवढा वेळ लागतो. बहुतेक लोक दहाव्या दिवशी कंटाळतात आणि दाण्यांच्या पुडीकडे वळतात.

आमच्या घरापासून थोडं पुढे गेलं की भाताची खाचरं लागतात. इंद्रायणी तांदूळ याच मावळातला, वडगावच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये आलेला. भाताला पाणी किती लागतं ते सांगायला नको. पण कापणीच्या आधी तिथला शेतकरी बांध फोडून खाचरातलं पाणी काढून देतो. पाण्यातच वाढणाऱ्या पिकाच्या बाबतीतही कधी थांबायचं हे त्याला कळतं. आपल्याला मनी प्लँटच्या बाबतीत कळू नये?

महिना झाला. चिलटं पूर्ण गेली म्हणणार नाही, सापळ्यावर आठवड्याला दोन-तीन दिसतात. तुळशीला नवी पालवी आलीये. ती पुडी मात्र अजून माळ्यावर, बंद डब्यात आहे. कचऱ्यात टाकायची हिंमत होत नाही, कारण तो कचरा कुणीतरी हाताने वेगळा करणार आहे.